‘चार्ज’ म्हणजे नक्की काय? लाइट बिलापासून जमिनीच्या उताऱ्यापर्यंत

‘चार्ज’ हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा वापरतो, पण दहाही वेळा त्याचा अर्थ वेगळा असतो. मोबाईलला चार्ज हवा, हेस्कॉम या वीज कंपनीच्या बिलात चार्ज, रजेवर गेलेल्या साहेबांचा चार्ज दुसऱ्याकडे, सोसायटीच्या कर्जाचा उताऱ्यावर चार्ज, आणि बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत भट्टीत टाकायचा तोही चार्जच. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात अडचण आणखी वाढते. कागद कन्नडमध्ये येतो, कोपऱ्यात इंग्रजी असते आणि घरी वाचून दाखवायचे असते मराठीत. म्हणून अर्थांबरोबर कन्नड कागदावरचे शब्दही देवनागरीत दिले आहेत.

मूळ शब्द गाड्याचा आहे. लॅटिनमध्ये ‘कारुस’ म्हणजे गाडा आणि ‘कारिकारे’ म्हणजे गाड्यावर माल लादणे. फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला आणि ‘चार्ज’ झाला. ‘कार’, ‘कॅरी’, ‘कार्गो’ ही सगळी त्याच घराण्यातली. म्हणजे चार्ज या शब्दाच्या पोटात ओझे लादणे आहे. मराठीला हे नवे नाही. आपण पदभार म्हणतो, कार्यभार, विद्युतभार, अधिभार, प्रभारी म्हणतो, आणि जमिनीवर ‘बोजा चढला’ म्हणतो. ‘आरोप’ या संस्कृत शब्दाचाही मूळ अर्थ वर चढवणे, ठेवणे असाच आहे. शब्दकोशात चार्जखाली वीस अर्थ असतील, ते पाठ करत बसू नका. चार्ज दिसला की दोन गोष्टी शोधा: कोणावर काय लादले, आणि ते उतरवायचे कोणी व कसे. कागदपत्रांत दुसरा प्रश्न जास्त महागात पडतो.

इंग्रजी वाक्यात अर्थ कसा ओळखायचा

चार्जच्या मागेपुढे कोणता छोटा शब्द आहे ते आधी पाहावे. फॉर, विथ, ऑफ, अॅट, टू यांपैकी जो असेल तो अर्थ सांगतो.

पैशांचा अर्थ असेल तर क्रम असा: चार्ज, मग माणूस, मग रक्कम, मग ‘फॉर’. ‘द ऑटो ड्रायव्हर चार्ज्ड मी एटी रुपीज फॉर द ट्रिप.’ इथे मराठी माणूस हमखास ‘चार्ज्ड फ्रॉम मी’ लिहितो, कारण डोक्यात ‘माझ्याकडून घेतले’ असते. इंग्रजीत ओझे माझ्यावर टाकले जाते, माझ्याकडून घेतले जात नाही, म्हणून ‘फ्रॉम’ येत नाही. अर्ज, तक्रार, ग्राहक मंचाचा कागद असे काही लिहिताना ही चूक तपासून घ्यावी.

‘विथ’ आला की आरोप किंवा जबाबदारी. ‘चार्ज्ड विथ थेफ्ट’ म्हणजे चोरीचा आरोप ठेवला. ‘चार्ज्ड विथ प्रिपेअरिंग द व्होटर्स लिस्ट’ म्हणजे मतदार यादी करण्याचे काम सोपवले. पुढे गुन्हा आहे की काम, एवढेच पाहायचे. ‘चार्ज्ड फॉर थेफ्ट’ लिहिले तर चोरी करून दिल्याचे बिल लावल्यासारखे वाचले जाते.

‘इन चार्ज ऑफ’ आणि ‘इन द चार्ज ऑफ’ यांत एका ‘द’ने सगळे उलटते. ‘द नर्स इज इन चार्ज ऑफ द वॉर्ड’ म्हणजे वॉर्ड नर्सच्या ताब्यात. ‘द चाइल्ड इज इन द चार्ज ऑफ द नर्स’ म्हणजे मूल नर्सच्या ताब्यात. पहिल्यात सांभाळणारा आधी येतो, दुसऱ्यात सांभाळला जाणारा. शाळेच्या दाखल्यावर किंवा वसतिगृहाच्या पत्रात ‘द’ गळला तर पोर वॉर्डनची जबाबदारी घेऊन बसते.

‘टू’ म्हणजे खर्च कोणाच्या नावे टाकायचा ते: ‘चार्ज इट टू द कंपनीज अकाउंट’. आणि ‘अॅट’ आला तर कोणीतरी अंगावर धावून येते आहे. खानापूरच्या जंगलपट्टीत गवा अंगावर आला, हे सांगायला इंग्रजी बातमीत हाच शब्द असतो. ‘मॉक चार्ज’ म्हणजे हत्तीने किंवा अन्य प्राण्याने नुसतीच हूल देणे. लाठीचार्ज याच अर्थातला, पण तो शब्द भारतातच घडलेला. मराठीत लाठीमार आहेच, तरी सीमाभागात ‘लाठीचार्ज’ इतका रुळला आहे की 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या बातम्यांत दोन्ही शब्द शेजारी शेजारी सापडतात.

मोबाईलबाबत ‘पुट द मोबाईल ऑन चार्जिंग’ हे आपल्याकडचे इंग्रजी. कळते सर्वांना, पण परीक्षेत ‘पुट इट ऑन चार्ज’ किंवा ‘चार्ज द फोन’ लिहावे.

लाइट बिल: शुल्क, आकार आणि तेरिगे

हेस्कॉमच्या बिलात ‘निगदित शुल्क’ म्हणजे फिक्स्ड चार्ज, ‘विद्युत् शुल्क’ म्हणजे एनर्जी चार्ज, ‘तेरिगे’ म्हणजे कर आणि ‘बड्डी’ म्हणजे व्याज. महावितरणच्या बिलात चार्जला ‘आकार’ म्हणतात: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार. तिथे ‘विद्युत शुल्क’ हा शब्दही आहे, पण त्याचा अर्थ सरकारचा कर. चंदगड किंवा कागलच्या पाहुण्यांच्या बिलाशी आपले बिल ताडून पाहताना इथेच फसगत होते. त्यांच्याकडे ‘विद्युत शुल्क’ कमी दिसते आणि आपल्याकडे भरमसाट, कारण आपल्याकडचा तो आकडा वापरलेल्या विजेची किंमत असतो. ताडायचेच तर आपले विद्युत् शुल्क त्यांच्या वीज आकाराशी आणि आपले तेरिगे त्यांच्या विद्युत शुल्काशी ताडावे.

फिक्स्ड चार्ज युनिटवर नसतो, मंजूर भारावर असतो. बिलावर तो किलोवॅटमध्ये छापलेला असतो. हिशेब सरळ आहे: मंजूर किलोवॅट गुणिले प्रति किलोवॅट दर. त्यामुळे सगळी माणसे पुण्या-मुंबईला किंवा गोव्याला असलेल्या बंद घरालाही हा चार्ज लागतो. शून्य युनिटला बिल कसे, असे विचारण्यात अर्थ नाही. विचारायचे असेल तर हे विचारा, की 3 किलोवॅट भार कशाला मंजूर आहे? घरात दिवे, पंखे, टीव्ही, फ्रिज आणि एक मिक्सर एवढेच असेल तर भार कमी करून घेण्याचा अर्ज करता येतो. त्याआधी गीझर, पाण्याची मोटर, इस्त्री यांची बेरीज करून पाहा. 2 किलोवॅटचा गीझर आणि 1 अश्वशक्तीची मोटर (सुमारे 0.75 किलोवॅट) एकदम चालत असतील तर भार कमी करून नंतर जादा भाराचा दंड भरावा लागेल.

गृहज्योती या कर्नाटकच्या मोफत वीज योजनेतल्या घरांसाठी: ठरवून दिलेल्या हक्काच्या युनिटांच्या आत वापर असेल तर बिल शून्य. त्याहून जास्त पण 200 च्या आत असेल तर फक्त वरच्या युनिटांचे पैसे. 200 ओलांडले की त्या महिन्याचे सगळे बिल भरावे लागते, फिक्स्ड चार्जसकट. मीटरवाचन उशिरा झाले तर 34-35 दिवसांचे युनिट एका बिलात पडतात, म्हणून उन्हाळ्यात वाचनाच्या तारखा तपासणे फायद्याचे.

बिलात ‘सरचार्ज’ दिसला तर तो अधिभार, म्हणजे चार्जवर आणखी चढवलेला चार्ज. एप्रिल 2025 पासून कर्नाटकात वीज कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतन व ग्रॅच्युइटीसाठी प्रति युनिट असा अधिभार लागू झाला. तो युनिटवर आहे, भारावर नाही.

बँक आणि हॉटेल

पासबुकात छोट्या रकमा कापलेल्या दिसतात: एसएमएस, डेबिट कार्डाचा वार्षिक चार्ज, चेक परत गेल्याचा चार्ज. अशा सेवाशुल्कावर 18 टक्के जीएसटी वेगळा लागतो. त्यामुळे पासबुकात 118 किंवा 236 असा आकडा दिसला की मूळ चार्ज 100 किंवा 200 आहे हे ओळखावे. एटीएमचे ठरलेले मोफत व्यवहार संपल्यावर 1 मे 2025 पासून बँक प्रत्येक व्यवहाराला कमाल 23 रुपये अधिक कर घेऊ शकते. आपल्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला 5 व्यवहार मोफत, आणि बेळगाव महानगरांच्या यादीत नसल्याने दुसऱ्या बँकेच्या एटीएमवरही 5. नुसती शिल्लक पाहिली तरी तो एक व्यवहार धरला जातो, हे पुष्कळांना कापले गेल्यावरच कळते.

हॉटेलच्या बिलात जीएसटी आणि सर्व्हिस चार्ज यांची गल्लत करू नये. जीएसटी सरकारचा, तो द्यावाच लागतो. सर्व्हिस चार्ज हॉटेलचा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो बिलात आपोआप लावता येत नाही, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना कायम ठेवल्या. पार्सलच्या डब्याचे पैसे हा वेगळा मामला. त्याची पाटी आधी लावलेली असली की वाद राहत नाही.

उताऱ्यावरचा चार्ज

हा भाग सावकाश वाचावा, कारण फोनचा चार्ज दिवसाभरात उतरतो आणि जमिनीवरचा कधी कधी पिढीभर राहतो.

सोसायटीचे किंवा बँकेचे पीककर्ज घेतले की जमिनीवर चार्ज तयार होतो. जमीन तुमचीच राहते, पण ती विकायची झाली तर कर्ज देणाऱ्याचा पैसा त्या जमिनीतून आधी वसूल होऊ शकतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 मध्ये गहाणाची व्याख्या कलम 58 मध्ये आहे आणि चार्जची कलम 100 मध्ये. फरक असा की गहाणात मालमत्तेतला काही हक्क समोरच्याकडे जातो, चार्जमध्ये हक्क जात नाही, फक्त ओझे बसते.

आपल्याकडच्या उताऱ्यात, म्हणजे कर्नाटकच्या आरटीसी किंवा पहाणीपत्रकात, रकाना 9 मध्ये मालकाचे नाव असते आणि रकाना 11 मध्ये इतर हक्क व ऋण. ‘ऋण’ या शब्दाखाली बँकेचे नाव व रक्कम दिसली की तोच चार्ज. महाराष्ट्राच्या सातबारावर हीच नोंद ‘इतर अधिकार’ या सदरात ‘बोजा’ म्हणून येते. दोन्ही राज्यांत जमीन असलेल्या कुटुंबांनी, आणि सीमेलगत अशी कुटुंबे बरीच आहेत, एका बाजूचे कर्ज फेडले म्हणजे दुसऱ्या बाजूचा बोजा उतरला असे समजू नये. दोन्ही दप्तरे स्वतंत्र आहेत.

कर्ज फिटले तरी नोंद आपोआप पुसली जाईल या भरवशावर राहू नये. उतरवण्याचा क्रम असा:

1. कर्जखाते व्याजासह शून्य झाल्याचा खातेउतारा घ्यावा. दहा-वीस रुपये व्याज शिल्लक राहिले तरी खाते उघडेच असते. भरणा ज्या दिवशी केला त्याच दिवसापर्यंतचे व्याज धरले आहे का, ते काउंटरवरच विचारावे.
2. बेबाकी दाखला आणि चार्ज सोडल्याचे पत्र, असे दोन कागद मागावेत. पहिला ‘येणे नाही’ म्हणतो, दुसरा ‘नोंद काढा’ म्हणतो. पुष्कळ जण पहिलाच घेऊन घरी जातात आणि काम अडते ते दुसऱ्यावाचून.
3. पत्रात सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र आणि मूळ कर्जाची रक्कम उताऱ्यावर आहे तशीच आहे का ते तिथेच ताडावे. हिस्सा नंबर चुकला तर पत्र परत येते.
4. बँकेने नोंद ऑनलाइन काढण्याची विनंती पाठवली आहे का ते विचारावे. पाठवली नसेल तर पत्र जोडून नाड कचेरीत किंवा तहसील कार्यालयात अर्ज द्यावा, पोच घ्यावी.
5. फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून रकाना 11 स्वतः पाहावा. जमिनीचे वाटप झालेले असेल तर सगळ्या हिश्श्यांचे उतारे काढावेत. वडिलांच्या नावचे जुने कर्ज वाटपानंतर प्रत्येक भावाच्या हिश्श्यावर उतरलेले असते आणि काढताना एकाच हिश्श्यावरून निघते.

जमीन घेणाऱ्याने उताऱ्याबरोबर ईसी, म्हणजे ऋणभार प्रमाणपत्रही काढावे. व्यवहार नोंदलेले असतील तर ते नमुना 15 मध्ये मिळते, काहीच नसेल तर नमुना 16 मध्ये. ईसीत फक्त उपनिबंधक कार्यालयात नोंद झालेलेच दिसते. म्हणून नमुना 16 हातात पडला की मोकळे झालो असे नाही, रकाना 11 पाहायलाच हवा. आणि उलटही: उतारा कोरा असला तरी ईसीत गहाणखत निघू शकते.

उद्यमबाग किंवा मच्छे भागातला कारखाना प्रायव्हेट लिमिटेड असेल तर बँकेने घेतलेल्या चार्जची नोंद कंपनी निबंधकाकडेही करावी लागते. कर्ज घेतल्यावर सीएचजी-1 आणि फेडल्यावर सीएचजी-4, दोन्हींसाठी मूळ मुदत 30 दिवस. पहिला फॉर्म बँकेच्या तगाद्यामुळे वेळेवर जातो, दुसरा राहून जातो. मग तीन वर्षांनी दुसरी बँक नवे कर्ज अडवून धरते. मालकी किंवा साध्या भागीदारीच्या कारखान्याला हे फॉर्म लागत नाहीत.

कचेरीतला चार्ज: घेणे आणि देणे

कन्नड आदेशात ‘प्रभार’ आणि ‘हेच्चुवरि प्रभार’ असे शब्द येतात. हेच्चुवरि म्हणजे जादा, म्हणून हेच्चुवरि प्रभार म्हणजे अतिरिक्त कार्यभार: स्वतःचे काम सांभाळून दुसऱ्या जागेचे काम. ‘इन्चार्ज हेडमास्तर’ म्हणजे त्या पदावर नेमणूक नाही, काम पाहतात. सामान्य माणसाला एवढेच पाहायचे असते की प्रभारी अधिकाऱ्याची सही चालते का. चार्ज देण्याचा लेखी आदेश झाला असेल आणि त्यात अधिकार मर्यादित केलेले नसतील तर ‘साहेब आल्यावर या’ हे उत्तर पुरेसे नाही. आदेशाचा क्रमांक विचारावा.

शाळेचा चार्ज घेणाऱ्या शिक्षकांनी खालचा क्रम पाळावा. कॅशबुक त्या दिवशी बंद करून शिल्लक आकड्यांत आणि अक्षरांत लिहून घ्यावी. ती पासबुकाशी ताडावी. फरक असेल तर न वटलेल्या चेकची यादी नंबरसह करावी. अक्षर दासोहचा (शाळेतल्या मध्यान्ह भोजनाचा) तांदूळ आणि डाळ रजिस्टरवरून न घेता वजन करून घ्यावी. पोत्याचे वजन 50 किलो लिहिलेले असते, प्रत्यक्षात कमी भरू शकते, आणि ती तूट सही केल्यावर नव्या माणसाची होते. दाखले पुस्तकाचे शेवटचे वापरलेले पान, कोऱ्या पानांचे क्रमांक, शिक्के, किल्ल्या, संगणकावरच्या खात्यांचे पासवर्ड. पासवर्ड मिळाल्यावर त्याच दिवशी बदलावेत. जे सापडत नाही त्यासमोर ‘मिळाले नाही’ असे लिहून मगच सही करावी. ‘नंतर देतो’ यावर सही करणे म्हणजे दुसऱ्याचे ओझे आपल्या नावावर घेणे.

चार्ज प्रमाणपत्रावर देणारा आणि घेणारा, दोघांच्या सह्या असतात, आणि पूर्वाह्न की अपराह्न हे लिहिलेले असते. हे नुसते शिष्टाचाराचे नाही. अपराह्नी चार्ज घेतला तर नव्या पदाचा पगार सर्वसाधारणपणे दुसऱ्या दिवसापासून धरतात.

चार्जशीट

पोलिसांनी तपास संपवून न्यायालयात दिलेला अहवाल म्हणजे चार्जशीट, मराठीत दोषारोपपत्र, कन्नडमध्ये आरोप पट्टी किंवा दोषारोप पट्टी. 1 जुलै 2024 पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 193 खाली दाखल होते. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 173 होते. एफआयआर म्हणजे फक्त पहिली खबर. चार्जशीट म्हणजे पोलिसांचे म्हणणे. त्यानंतर न्यायाधीश ‘चार्ज फ्रेम’ करतात, म्हणजे आरोप निश्चित करतात, आणि मग खटला उभा राहतो. वर्तमानपत्रात ‘चार्जशीट दाखल’ वाचून माणूस दोषी ठरवणारे दोन पायऱ्या गाळतात.

आरोपी कोठडीत असेल तर मुदत महत्त्वाची. फाशी, जन्मठेप किंवा 10 वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात 90 दिवस, इतर गुन्ह्यांत 60 दिवस. तेवढ्यात चार्जशीट आले नाही तर आरोपीला जामीन मागण्याचा हक्क मिळतो, पण तो अर्ज करून मागावा लागतो, आपसूक सोडत नाहीत. पुरावा न मिळाल्यास कर्नाटकात पोलीस ‘बी रिपोर्ट’ देतात. महाराष्ट्रात अशा वेळी ए, बी, सी अशी ‘समरी’ असते, आणि तिथली ‘बी समरी’ म्हणजे तक्रारच खोटी. तेव्हा निपाणीचा बी रिपोर्ट आणि कोल्हापूरची बी समरी एक समजू नका.

सरकारी नोकराला खात्याकडून येणारी चार्जशीट हा निराळाच कागद. तो चौकशीसाठी असतो, त्यात कोर्टाचा संबंध नाही. उत्तराची मुदत त्यातच लिहिलेली असते. न घेता परत पाठवली तरी चौकशी एकतर्फी चालते, म्हणून घ्यावी, तारीख टाकावी आणि लेखी उत्तर द्यावे.

गंमत म्हणजे उद्यमबागेच्या फाउंड्रीतही, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यातही, चार्जशीट असते, आणि तिला कोणी घाबरत नाही.

भट्टीतला चार्ज

फाउंड्रीत चार्ज म्हणजे भट्टीत लादायचा माल. गाड्याच्या अर्थाला सगळ्यांत जवळचा हाच वापर. क्युपोलामध्ये, म्हणजे कोकवर चालणाऱ्या उभ्या भट्टीत, आधी बेड कोक (तळाचा कोक) पेटवतात, त्यावर लोखंड, कोक आणि चुनखडी यांचे थर एकाआड एक पडतात. ढोबळ प्रमाण 8 ते 10 किलो धातूला 1 किलो कोक, आणि कोकच्या पाव ते तिसरा हिस्सा चुनखडी. म्हणजे 500 किलो धातूच्या चार्जला 50 ते 60 किलो कोक आणि सुमारे 15 किलो चुनखडी. कोक कमी पडला तर रस (वितळलेला धातू) थंड निघतो आणि साच्याचे पातळ भाग भरत नाहीत. चुनखडी कमी पडली तर मळी घट्ट होऊन वाहत नाही.

विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीत कोक नसतो. तिथे चार्जशीटवर स्टीलचे भंगार, पिग आयर्न, आपल्याच कास्टिंगचे तोडलेले रनर-रायझर (ओतकामाचे जादा भाग), कार्बन वाढवणारी पूड आणि फेरोसिलिकॉन यांची किलोवारी असते. चुका मुख्यतः तीन. ओले भंगार तयार रसात टाकणे: पाण्याची वाफ होताना आकारमान सुमारे 1600 पट वाढते आणि रस उसळतो. दोन्ही तोंडे बंद असलेला पाइप किंवा डबा टाकणे: आतली हवा नि ओल तेच करते. आणि वरचे भंगार एकमेकांत अडकून पूल होणे: खाली रस तापत राहतो, वर माल थंड, आणि अस्तर फाटते. पूल झाला की वरून आणखी माल टाकायचा नाही, आधी वीज कमी करायची.

बॅटरीचा चार्ज

विजेच्या अर्थाने चार्ज कुलॉम्बमध्ये मोजतात. एका सेकंदात एक कुलॉम्ब वाहिला तर एक अँपिअर. म्हणून अँपिअर-तास हे चार्जचेच माप आहे. 5000 एमएएच (मिलिअँपिअर-तास) म्हणजे 5 अँपिअर-तास, म्हणजे 18,000 कुलॉम्ब. धन आणि ऋण ही नावे बेंजामिन फ्रँकलिन यांनी 18 व्या शतकात दिली, आणि नेमकी अशी दिली की पुढे इलेक्ट्रॉन सापडला तो ऋण निघाला.

10,000 एमएएचची पॉवर बँक 5000 चा फोन दोनदा भरत नाही, अशी तक्रार दुकानात रोज येते. पॉवर बँकेतल्या सेलचा दाब 3.7 व्होल्ट, म्हणून ऊर्जा 37 वॅट-तास. 5 व्होल्टला चढवताना आणि फोनमध्ये शिरताना काही उष्णतेत जाते. फोनला साधारण 19 वॅट-तास लागतात. हिशेब दीड वेळेला येतो. खोक्यावर बारीक अक्षरात ‘रेटेड कपॅसिटी’ छापलेली असते, तीच खरी धरावी. आणि वीज किती जाते? फोन एकदा पूर्ण भरायला भिंतीतून सुमारे 25 वॅट-तास, म्हणजे एका युनिटमध्ये चाळीस वेळा. बिल वाढल्याचा राग पोरांच्या मोबाईलवर काढू नये.

इन्व्हर्टरची 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासाची लेड-अॅसिड बॅटरी असेल तर चार्जिंगचा प्रवाह क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याएवढा, म्हणजे 15 अँपिअर ठेवावा. पूर्ण रिकामी झालेली भरायला 10 ते 12 तास लागतात. भरली का हे पाहायचे तर चार्जर बंद करून तीन-चार तासांनी व्होल्टेज घ्यावे: 12.6 ते 12.7 म्हणजे पूर्ण, 12.2 म्हणजे साधारण निम्मी, 11.8 च्या आसपास म्हणजे रिकामी. चार्ज चालू असताना मोजले तर 14 च्या वर दिसते आणि फसायला होते. पाणी डिस्टिल्डच घालावे, तेही चार्ज पूर्ण झाल्यावर, कारण चार्ज होताना पातळी वर येते आणि आधी काठोकाठ भरले तर अॅसिड बाहेर सांडते. प्लेटा उघड्या पडल्या असतील तेवढ्यापुरते आधी घालावे. बॅटरी रिकामी ठेवून मे महिन्यात गावी जाऊ नये. प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो आणि नंतर ती कितीही चार्ज केली तरी टिकत नाही. चार्जिंगवेळी हायड्रोजन वायू निघतो, त्यामुळे बॅटरी देवघराजवळच्या बंद कोनाड्यात नको.

रिचार्ज आणि डिस्चार्ज

रिचार्ज म्हणजे पुन्हा भरणे, मग ते सिमकार्ड असो की बोअर. बोअरच्या पुनर्भरणाचा हिशेब: 100 चौरस मीटर छत, 1000 मिलिमीटर पाऊस आणि गळती धरून 0.8 ने गुणले की 80,000 लिटर. खानापूरकडे पाऊस याहून पुष्कळ, अथणीकडे कमी, त्याप्रमाणे आकडा बदलावा. छताचे पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी बाहेर सोडावे. बाकीचे खाली मोठे दगड, मग खडी, मग वाळू अशा गाळणखड्ड्यातूनच न्यावे. गढूळ पाणी थेट केसिंगमध्ये सोडले तर झरे गाळाने बुजतात आणि आहे तेही पाणी जाते.

डिस्चार्ज म्हणजे ओझे उतरणे. दवाखान्यातून डिस्चार्ज, कर्जातून डिस्चार्ज, बॅटरी डिस्चार्ज. जखमेतून डिस्चार्ज म्हणजे स्राव. न्यायालयात ‘डिस्चार्ज’ आणि ‘अॅक्विटल’ निराळे: पहिल्यात आरोप निश्चित होण्याआधीच मुक्तता, दुसऱ्यात खटला चालून निर्दोष. दवाखान्यातून निघताना डिस्चार्ज कार्डावर नाव, वय आणि दाखल-सुटीच्या तारखा विम्याच्या कागदाशी जुळतात का ते तिथेच पाहावे. नंतर दुरुस्तीला हेलपाटे पडतात.

आणि जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्या नदीकाठाला पाठ होणारा अर्थ: धरणातून, बंधाऱ्यातून होणारा विसर्ग. तो क्युसेकमध्ये सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे 28.3 लिटर. बातमीत ‘इनफ्लो’ आणि ‘आउटफ्लो’ दोन्ही असतात. धरणाखालच्या गावांना आउटफ्लोशी काम, कारण धरणाने किती अडवले ते त्यातून वजा झालेले असते. टीएमसीत (म्हणजे अब्ज घनफुटांत) रूपांतर करायला 11,574 ने भागावे: तेवढे क्युसेक पाणी 24 तास वाहिले की एक टीएमसी होते. राजापूर बंधाऱ्यावरून कृष्णेत एक लाख क्युसेक येत असेल तर दिवसाला साधारण 8.64 टीएमसी पाणी चिक्कोडी तालुक्यात उतरते. कल्लोळ-येडूर किंवा कारदगा-भोज रस्त्याने जायचे असेल तर घरून निघण्याआधी विसर्गाचा आकडा आणि तो कितीच्या सुमाराचा आहे ती वेळ, दोन्ही बघावे. सकाळी सातचा आकडा दुपारी तीनला जुना झालेला असतो.